लस कुठे पोहोचली, कुठे अडली



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आम्ही चटया गुंडाळत होतो. एका आजींनी आम्हाला बाजूला घेतले. "सिस्टर, ती करोनाची सुई तुम्हीच मला घ्यायला लावली होती. आता म्हणतात तिच्यानं रक्ताच्या गुठळ्या होतात. माझा पाय ठणकतो, तो तिच्यामुळंच का?" आजी हळू बोलल्या, पण विहारात हळू बोललेले सगळ्यांत आधी ऐकू जाते. पाच मिनिटांत सहा-सात बायका भोवती जमल्या. एकीच्या छातीत धडधडते, एकीची पाळी तेव्हापासून पुढे-मागे होते, एकीचा पुतण्या रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. प्रत्येकीच्या मनात तीच सुई.

त्या दिवशी जमेल तेवढे सांगितले. घरी येताना मात्र वाटत राहिले की हे प्रश्न या बायकांनी इतकी वर्षे मनात दाबून ठेवले आणि कुणी येऊन विचारले नाही. टोचायला शिबिरे झाली. टोचून झाल्यावर बोलायला कुणी आले नाही, त्यात आम्हीही आलो. म्हणून या वेळचे आरोग्य पान त्या लसीचे. ती आपल्यापर्यंत कधी आली, मध्ये कुठे अडली आणि त्या दिवसांचे देणे पुढे कुणी फेडले, हे एकदा नीट पाहू.

आधी आजींचे उत्तर.

आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड. ही लस ब्रिटनच्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने आणि अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने शोधली आणि पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. या लसीमुळे अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात, असे त्या कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केल्याची बातमी 2024 मध्ये सगळीकडे फिरली. बातमी खरी आहे, पण गोष्ट जुनी आहे. 2021 च्या मार्च-एप्रिलमध्येच युरोपात हे लक्षात आले होते. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर साधारण लाखात एक-दोन जणांना असे झाले. आपल्या केंद्र सरकारच्या समितीने मे 2021 मध्ये दर दहा लाख डोसमागे 0.61 असे प्रमाण सांगितले. आपल्याकडे नोंदी कमी होतात, तेव्हा खरा आकडा थोडा जास्त असू शकतो, हे आम्ही मान्य करतो. पण आजींच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हा त्रास होणार असेल तर तो लस घेतल्यापासून साधारण 4 ते 42 दिवसांत होतो. वर्षे उलटून गेल्यावर ठणकणारा पाय त्या सुईचा नाही.

मग पाय ठणकतो कशाने? दुसऱ्या दिवशी आजींना पालिकेच्या दवाखान्यात नेले. साखर 280 निघाली. "सुईनं आधीच शरीर बिघडलं, त्यात गोळी कशाला" म्हणून त्यांनी दीड वर्षापूर्वी साखरेची गोळी बंद केली होती. त्या सुईने आजींचे काही बिघडवले नव्हते, सुईच्या धास्तीने मात्र बिघडवले होते.

धडधड होणाऱ्या वहिनींनी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्या बायकांत रक्त कमी असणे इतके नेहमीचे आहे की धडधडीला दुसरे कारण शोधायच्या आधी ते पाहावे. पाळीबद्दल सांगायचे तर लस घेतल्यावर काहींची पाळी एक-दोन महिने थोडी पुढे-मागे झाली, हे अभ्यासांतही दिसले आणि पुढे ती मूळपदावर आली. आजही चुकत असेल तर थायरॉइड आणि गर्भाशयाची गाठ तपासायला हवी. "सुईमुळे" म्हणून बसून राहू नये. आणि पुतण्याचे दुःख मोठे आहे, त्यावर दोन वाक्यांत बोलणे बरे दिसत नाही. तरी एवढे सांगतो: आयसीएमआरने 18 ते 45 वयाच्या अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो 2023 मध्ये आला. लसीमुळे असा मृत्यू वाढल्याचे त्यात आढळले नाही. करोनाने रुग्णालयात राहावे लागलेले, घरात आधी कुणाचा असा मृत्यू झालेले, मृत्यूच्या आधी दोन दिवसांत भरमसाट दारू प्यायलेले किंवा जोराचे श्रम केलेले, यांच्यात धोका जास्त दिसला. घरात असा एक मृत्यू झाला असेल तर त्याच्या भावा-बहिणींनी एकदा ईसीजी काढून घ्यावा. छातीत अचानक कळ येऊन घाम फुटला, किंवा एकच पाय एकाएकी सुजून दम लागला, तर रात्र काढू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

आता मागे जाऊ.

देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झाले. पहिल्यांदा डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, आशाताई. फेब्रुवारीत पोलीस आणि सफाई कामगार. 1 मार्चपासून साठीच्या पुढचे, आणि पंचेचाळिशीच्या पुढचे पण आजार असलेले. 1 एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे. 1 मेपासून 18 च्या पुढचे. कागदावर हा क्रम चांगला होता. ज्याला धोका जास्त त्याला आधी, हे आरोग्यशास्त्राला धरून होते. पण क्रम लावायला यादी लागते आणि यादी कुणीतरी बसून करतो. त्या करणाऱ्याला जो दिसतो, त्याचे नाव येते.

आमच्या वस्तीत झाडलोट आणि कचरागाडीवर काम करणारी पुष्कळ घरे आहेत. फेब्रुवारीत कायम कामगारांची नावे आली, मेसेज आले. त्याच गाडीवर, तोच कचरा उचलणाऱ्या कंत्राटी पोरांची नावे आली नाहीत, कारण ठेकेदाराने ती पाठवलीच नव्हती. विचारायला गेलो तर म्हणाला, "ही पोरं आज आहेत, उद्या नाहीत. कुणाकुणाची नावं देऊ?" करोनाचा कचरा त्यांनीच उचलला. त्यातल्या चौघांना पहिला डोस मिळाला तो सरळ जुलैमध्ये.

दुसरी अडचण आधार कार्डाची. पूर्वी कार्ड काढताना आपल्या आयांची जन्मतारीख कुणी विचारली नाही, 1 जानेवारी आणि अंदाजाने एक साल टाकून दिले. कितीतरी पन्नाशीच्या बायका कार्डावर एकेचाळीस-बेचाळीस वर्षांच्या निघाल्या आणि एप्रिलमध्ये केंद्रावरून परत आल्या. त्या दिवसांत दुसरी लाट ऐन भरात होती.

आणि मग मे. 18 ते 44 वयाच्या लोकांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली. पोर्टलचे नाव कोविन. ते तेव्हा इंग्रजीत होते, मराठी जूनमध्ये आली. एका फोन नंबरवर चारच जणांची नोंद होत असे. आपल्या घरात माणसे सात आणि स्मार्टफोन एक, तोही थोरल्या मुलाच्या खिशात, आणि तो मुलगा डिलिव्हरीच्या कामावर. स्लॉट उघडत आणि दोन-तीन मिनिटांत भरून जात. ओटीपी येईपर्यंत सगळे संपलेले असे. आमच्या वस्तीला लागून असलेल्या पालिकेच्या शाळेत केंद्र होते. तिथे सकाळी बाहेरून आलेल्या गाड्या उभ्या असत आणि शाळेच्या मागच्याच चाळीतले लोक गॅलरीतून पाहत असत. गाडीतून आलेल्यांना आम्ही दोष देत नाही, त्यांनाही जीव होता आणि त्यांना स्लॉट मिळाला होता. दोष ज्याने दार फोनमध्ये बसवले त्याचा. सर्वोच्च न्यायालयानेही 31 मे 2021 च्या आदेशात हेच विचारले की ज्याच्याकडे फोन-इंटरनेट नाही त्याने लस कशी घ्यायची. त्याच्या आठवडाभर आधी, 24 मेला, सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा केंद्राने दिली होती. 21 जूनपासून 18 च्या पुढच्या सगळ्यांना केंद्राकडून मोफत लस सुरू झाली.

खासगीत कोविशील्डचा एक डोस 780 रुपयांना होता. मोलकरणीच्या दोन घरांच्या धुण्याचा पगार दोन डोसांत गेला असता.

15 ऑगस्ट 2021 ला मुंबईची लोकल सामान्य लोकांसाठी उघडली. अट होती दोन्ही डोस, आणि दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस. इथे गणित करा. कोविशील्डच्या दोन डोसांतले अंतर मे महिन्यात 12 ते 16 आठवडे केले होते. ज्याला पहिला डोस जुलैमध्ये मिळाला, त्याचा दुसरा लवकरात लवकर सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये, आणि रेल्वेचा पास त्यानंतर दोन आठवड्यांनी. ज्याला उशिरा लस मिळाली त्यालाच कामावर उशिरा जाता आले. आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी तीन महिने बसचे दोन टप्पे करून, दुप्पट भाडे भरून कामे टिकवली. काहींची सुटली, ती सुटलीच. अंतर वाढवण्यामागे अभ्यास होता, त्याला आमची हरकत नाही. पण दोन नियम एकमेकांवर आले की मध्ये कोण चिरडतो, हे कुणी पाहिले नाही.

या सगळ्यांत एक आकडा आम्ही कधी विसरत नाही. जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचा सर्व्हे झाला, नीती आयोग, मुंबई महानगरपालिका आणि टीआयएफआर यांचा. झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात करोना होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. झोपडपट्टीच्या बाहेर 16 टक्के. दहा बाय दहाची खोली, गल्लीच्या टोकाचा एक नळ, पन्नास माणसांत एक संडास. अंतर राखा म्हणणाऱ्यांनी अंतरासाठी जागा दिली नव्हती. ज्यांना आजार सगळ्यांत आधी गाठतो त्यांच्यापर्यंत लस सगळ्यांत आधी जायला हवी होती.

भीती आणि खाडा

आता आमच्या चुकीबद्दल. 2021 च्या उन्हाळ्यात आम्ही घरोघर फिरत होतो आणि जो नाही म्हणेल त्याला रागावत होतो. "बाबासाहेबांचं नाव घेता आणि अडाण्यासारखं वागता!" असे आम्ही बोललो, एकदा नाही, अनेकदा. मग नाक्यावर गवंडीकाम करणाऱ्या एका दादांनी शांतपणे विचारले, "सिस्टर, सुई घेतल्यावर दोन दिवस ताप येतो म्हणता. त्या दोन दिवसांचा रोज तुम्ही देता का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांना लसीची भीती नव्हतीच, त्यांना खाडा परवडत नव्हता.

त्या दिवसानंतर आम्ही वहीत दोन खुणा करायला लागलो. भीती वाटणाऱ्याच्या नावापुढे एक, खाडा न परवडणाऱ्याच्या नावापुढे दुसरी. दुसरी खूण पहिलीच्या दुप्पट झाली. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंना भेटून शनिवारी संध्याकाळचे शिबिर मागितले, म्हणजे ताप आला तर रविवारी येईल. सोबत पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि ताप एक-दोन दिवसांत उतरतो असे लिहिलेली चिठ्ठी. विहाराचे सभागृह दिले, टेबल-खुर्च्या तरुण मंडळाने आणल्या. त्या एका संध्याकाळी जेवढे लोक आले तेवढे आमच्या महिनाभराच्या रागावण्याने आले नव्हते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. काम सुटले तर पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्यांनी आरोग्यापासून तोडला नव्हता. आम्ही तोडला होता.

भीतीही होतीच, आणि तिला हसून चालत नाही. मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस घेऊ नये, अशा कितीतरी गोष्टी फोनवरून फिरत होत्या. सगळ्या खोट्या. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव आहे म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे आम्ही सांगितले तर एक पोरगा म्हणाला, "मग सरकार सांगते तेपण का मानायचं?" बरोबर बोलला. म्हणून पारखायला काय हवे ते सांगत गेलो. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांना करोना झाला तर ऑक्सिजन कुणाला लागला? त्या पोराने स्वतःच्या गल्लीतली नावे मोजली. पुढच्या शनिवारी आईला घेऊन आला.

सक्तीने भीती वाढते हेही आपण इतिहासातून पाहिले आहे. 1896 ला मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात. इंग्रज सरकारने घरे झडत्या घेऊन उघडली, माणसे ओढून छावणीत नेली, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. त्याच काळात मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून पाहिली. आणि पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. कोविशील्ड ज्या कारखान्यात तयार झाली तो हडपसरलाच आहे. लसीची बाटली आम्ही हातात धरत असू तेव्हा ही गोष्ट हटकून आठवायची.

बाटलीवरून एक खुलासा, कारण यावरून फार भांडणे झाली. कोविशील्डच्या एका बाटलीत 10 डोस असत. बाटली 2 ते 8 अंश थंडाव्यात ठेवावी लागे आणि एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. संध्याकाळी चार माणसे उरली तर नर्सला वाटे की बाटली उघडली तर सहा डोस वाया जातील, वरून विचारणा होईल. म्हणून "उद्या या". तुम्हाला वाटे नर्स कामचुकार आहे. खरी गोष्ट ही की दहा जणांनी मिळून गेलो असतो तर बाटली उघडली असती. आजही गोवराच्या लसीच्या बाटलीला हाच नियम लागतो: उघडल्यावर चार तास. तेव्हा बाळाला एकटे नेऊ नका. गल्लीतल्या चार आया मिळून जा.

गोवर

गोवराचे नाव निघालेच. करोनाचे देणे इथे फेडले गेले, आणि ते आपल्या लेकरांनी फेडले. 2020 आणि 2021 मध्ये आरोग्य सेविका करोनाच्या कामाला लागल्या, टाळेबंदीत लोक गावी गेले, दवाखान्यात जायची भीती बसली. कितीतरी बाळांचे नेहमीचे डोस राहिले. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ आली ती गोवंडीतून. मुले दगावली. डिसेंबरात राज्याला राहिलेल्या डोसांसाठी खास मोहीम घ्यावी लागली. करोनाची लस घेऊन फोटो काढलेल्या आई-बापांच्या घरात बाळाचा गोवराचा डोस राहिलेला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

गोवर साधा नाही. एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना लागू शकतो, आणि आपल्या खोल्या कशा आहेत हे सांगायला नको. ताप, खोकला, नाक वाहणे, डोळे लाल, मग तीन-चार दिवसांनी कानामागून आणि चेहऱ्यावरून लाल पुरळ अंगभर. त्यातून न्यूमोनिया, जुलाब, क्वचित मेंदूला सूज. कुपोषित मुलाला जास्त धोका. असे दिसले की मुलाला दवाखान्यात न्या, डॉक्टर व्हिटॅमिन 'अ' चे दोन डोस देतील, दोन दिवस लागोपाठ, त्याने डोळे आणि जीव वाचतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही गोवर आला की अजून दारात कडुनिंबाचा डहाळा दिसतो आणि म्हातारी म्हणते "माता आली, दवाखान्यात न्यायचं नसतं". डहाळा ठेवायचा तर ठेवा, पण मुलाला उचला आणि चला. अंग पुसा, दूध आणि जेवण बंद करू नका.

लस दोनदा: पहिली 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. दोन्ही घेतल्या तर शंभरातल्या साधारण 97 मुलांना गोवर होत नाही. राहून गेली असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कार्ड हरवले किंवा गावी राहिले म्हणून थांबू नका. आधी घेतली होती की नाही हे आठवत नसेल तरी एक डोस जास्त झाल्याने काही बिघडत नाही. साधा सर्दी-खोकला असला तरी लस देता येते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, दीड वर्षाचा बूस्टर, पाच-सहा वर्षांचा, आणि 10 व 16 व्या वर्षीचा धनुर्वात-घटसर्पाचा, हे सगळे माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेले असते. ते कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवा. आता बाळांची नोंद यू-विन नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत होते. चांगले आहे, पण फोन बदलतो, नंबर बंद होतो. कागद सोडू नका.

वही

आम्ही आता विहारात दोनशे पानांची एक वही ठेवली आहे. गल्लीवार, घरवार. प्रत्येक घराला एक पान: माणसे किती, पाच वर्षांखालची मुले कोण आणि कुणाचा कोणता डोस झाला, गरोदर कोण, साठीच्या पुढचे कोण, रक्तदाब-साखरेची गोळी कोण घेते, घरात चालू स्मार्टफोन आहे की नाही, आणि दिवसा घरी कोण असते. शेवटचा रकाना आम्ही नंतर वाढवला, आणि तोच सगळ्यांत उपयोगी पडतो. दिवसा घरी कुणी नसेल तर आरोग्य सेविका दार वाजवून जाते आणि तिच्या कागदावर "घर बंद" लिहिले जाते. ते मूल मग कुणाच्याच यादीत राहत नाही.

दोन पथ्ये पाळतो. क्षय, एचआयव्ही, गर्भपात असे काही वहीत लिहायचे नाही, ते फक्त त्या बाईच्या आणि दवाखान्याच्या मध्ये. आणि वही दोघींच्याच ताब्यात, सभागृहात उघडी टाकायची नाही. दुसरे एक सुरुवातीला काही जणांना पटले नाही: वही विहाराची असली तरी नावे गल्लीतल्या प्रत्येक घराची. वरच्या माळ्यावरचे बिहारी भाडेकरू, कोपऱ्यावरचे मुस्लिम कुटुंब, काल आलेले बांधकाम मजूर, सगळे. "ते आपले कुठे?" असे एकाने विचारले. गोवर विचारून घरात शिरत नाही, एवढेच उत्तर दिले. भाडेकरूंचीच मुले सगळ्यांत जास्त राहिलेली निघाली.

वही घेऊन आरोग्य केंद्रात गेलो की बोलणे बदलते. "आमच्या वस्तीत लस मिळत नाही" म्हटले की अर्ज घेऊन ठेवतात. "या तीन गल्ल्यांत गोवराचा दुसरा डोस राहिलेली अकरा मुले आहेत, ही नावे, शनिवारी संध्याकाळी सभागृह मोकळे आहे" म्हटले की तारीख ठरते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदात लिहिले आहे. ते मागताना हातात नावे असावीत.

आजींच्या गल्लीत बावीस घरे आहेत. साखरेची गोळी परत सुरू केल्यावर त्याच म्हणाल्या की त्या गल्लीची पाने मी भरते, फक्त लिहायला नातीला सोबत घेते. आठ दिवसांत भरून आणली. तीन मुलांचा दुसरा डोस राहिलेला, त्यातल्या दोघांचे आई-बाप दोघेही पहाटेच कामावर जातात. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी तिघांनाही आजीच घेऊन जाणार आहेत. आयांच्या सहीच्या चिठ्ठ्या आणि कार्डे त्यांनी आधीच पिशवीत घालून ठेवली आहेत.